पांझरेचं पाणी

आमच्या सुरतेतल्या डिंडोलीत राज्याभिषेक दर वर्षी होतो आणि दर वर्षी त्यावरून भांडण होतं. तारखेने करायचा की तिथीने, इथून सुरुवात. मग घोडा आणायचा की बैलगाडी, ढोल नाशिकचे की इथलेच, पुऱ्या तळायच्या की मागवायच्या. तारीखवाले शेवटी जिंकतात, कारण तिथीसाठी पंचांग शोधावं लागतं आणि तारीख मोबाईलवर असते. सहा जूनला सोसायटीच्या मैदानात मांडव पडतो. मग शेजारच्या ज्योतीबेन गॅलरीतून ओरडतात, "तमारा राजाए अमारुं सुरत लूंट्युं हतुं, ने हवे फूल पण अमारी पासेथी?" आणि ओरडता ओरडता परडीभर मोगरा खाली सोडतात. बत्तीस वर्षं शेजारी राहून बाईचा विनोद तोच आहे आणि मोगराही तोच.

मी नूतन. घरीच साड्यांना लेस लावायचं काम करते, हाताखाली चार बायका आहेत, आणि माझी जीभ तिखट आहे असं त्या चौघी मला ऐकू जाईल अशा बेताने बोलतात. माझे वडील सुकदेव, आम्ही त्यांना नाना म्हणतो, लूमच्या खात्यात, म्हणजे विणकामाच्या कारखान्यात, उभं आयुष्य काढून आता माझ्याकडे असतात. मी एकुलती एक. आई गेली त्याला खूप वर्षं झाली. आणि हा राज्याभिषेक सुरू केला तो नानांनीच.

तेव्हा मी लहान होते. चाळीच्या एका टोकाला खातं, दुसऱ्या टोकाला आमच्या खोल्या, मध्ये चिखल. खानदेशातून आलेली माणसं दोन पाळ्यांत विभागलेली. एक जण उठायचा तेव्हा दुसरा त्याच अंथरुणावर निजायचा. त्या सगळ्यांना एका दिवशी एका जागी जमवायचं तर शेठला सुट्टी मागायला कारण हवं. नाना म्हणाले, महाराजांचा राज्याभिषेक. शेठ काठियावाडी, त्याला वाटलं हा मोठाच सण असणार, दिली सुट्टी.

सिंहासन म्हणजे सुताचे बीम ठेवायच्या लाकडी घोडीवर टाकलेली फळी. तिच्यावर जरीच्या ताक्याचा उरलेला तुकडा. छत्र म्हणजे आमचीच काळी छत्री, आईने तिच्यावर गुलाबी साटीन चढवून कडेने लेस लावली होती. पहिल्याच वर्षी ऐन अभिषेकाच्या वेळी वावटळ आली आणि महाराजांचं छत्र उलटं झालं. सगळी चाळ हसली. नाना फुरंगटून घरात जाऊन बसले, आणि आईने रात्रीची भाकरी थापताना पुन्हा हसून घेतलं. आता मंडळाच्या अध्यक्षाच्या, गजेंद्रच्या कारकिर्दीत फायबरचं सिंहासन आहे, आठ मशालींचे लाइट आहेत, गुजराती शाळेत शिकणारी पोरं काय छान गारद म्हणतात. चांगलंच आहे ते. पण ती उलटी छत्री आठवली की मला अजून आईचं हसू ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.

त्या अभिषेकातली एक गोष्ट मात्र कोणी बदलली नव्हती. सात नद्यांचं पाणी. शास्त्रातल्या गंगा-यमुना वगैरे नाहीत. वाघूर, गिरणा, अंजनी, बोरी, पांझरा, बुराई, गोमाई. चाळीतली माणसं ज्या ज्या काठची होती त्या सगळ्या नद्या. ज्याच्या गावची नदी, त्याने तो तांब्या ओतायचा. भटजी पहिल्यांदा कुरकुरला, मग त्याचंही गाव बोरीकाठचं निघालं.

हे पाणी आणायचे नाना. आदल्या दिवशी जळगावला जायचं, तिथे वाघूर आणि गिरणा पदरात पाडून घ्यायच्या, आणि सकाळच्या पॅसेंजरने परत सुरतेकडे निघायचं. मग धरणगाव, अमळनेर, बेटावद, शिंदखेडा, नंदुरबार, प्रत्येक स्टेशनवर कोणाचा ना कोणाचा भाऊ, मेहुणा, साडू बाटली घेऊन फलाटावर उभा. नाना दारात. गाडी थांबली की बाटली आत, रामराम बाहेर, गाडी चालू. संध्याकाळी मैदानात अभिषेक. ज्योतीबेन एकदा त्यांना म्हणाल्या होत्या की काका, या साती नद्या जाऊन तापीलाच मिळतात आणि तापी येते आपल्या सुरतेत, मग पुलावरून एक बालदी भरून घ्या की. नाना म्हणाले, तापीत आल्यावर कोणती कोणाची ते ओळखू येत नाही.

त्यांचं हे उत्तर खरं होतं, पण पुरतं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची आमच्या नानांची जुनी खोड. पाणी सात नद्यांचं असलं तरी त्यांना हवं असायचं ते बेटावदच्या फलाटावरचं. तिथे पांझरेचा तांब्या घेऊन त्यांची धाकटी बहीण उभी असायची, शोभाबाई. माझी फुई. आत्याला आम्ही फुई म्हणतो, गुजरातीतही जवळपास तोच शब्द आहे, त्यामुळे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

बहीण-भाऊ वर्षातून तेवढेच भेटायचे. गाडी थांबेल तेवढा वेळ.

कारण झाला होता एक फेटा. धाकट्या चुलत काकांच्या लग्नात नाना सुरतेहून शेठला घेऊन गेले. शेठ आपल्या गावात आला याचंच नानांना इतकं अप्रूप की मांडवात पहिला फेटा त्यांनी शेठच्या डोक्यावर बांधला. फुवा, म्हणजे शोभाफुईचे यजमान, घरचे एकुलते जावई, शेजारी डोकं पुढे करून बसलेले. ते उठले, बायकोला उठवलं आणि न जेवता बैलगाडी जुंपली. जाताना एवढंच म्हणाले की पुढच्या आखाजीला चूक कबूल करून रीतसर मुऱ्हाळी धाडा, तरच ही माहेरी येईल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लेकी-बहिणी माहेरी येतात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. पण अशाच उठून येत नाहीत. माहेरचा माणूस न्यायला जावा लागतो. तो मुऱ्हाळी. भाऊ, नाहीतर भाच्यांपैकी कोणी. तो दारात दिसला की बाई गाठोडं बांधायला घेते, नाही दिसला की दारातच बसून राहते.

नानांनी मुऱ्हाळी धाडला नाही. पहिल्या वर्षी ताठा होता. शेठला मान दिला यात काय चुकलं, असं ते आईला रोज ऐकवायचे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, आता वर्ष उलटलं, उगाच जखमेवरची खपली काढायची कशाला. मग म्हणायला लागले की घरात मुलगा नाही, धाडू कोणाला. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. पण बहिणीला पाहायचं तर होतं. मग त्यांनी राज्याभिषेकाची युक्ती काढली आणि फुवांना निरोप पाठवला की माझ्यासाठी नको, महाराजांसाठी पांझरेचं पाणी द्या. फुवाही मराठा गडी. महाराजांना नाही कसं म्हणणार. उलट निरोप आला, पाणी मिळेल, पण स्टेशनावर, आणि घेऊन येईल तुमची बहीण.

एका वर्षी मी नानांबरोबर होते. गाडी बेटावदला थांबली तशी फुई दाराशी आली. हिरवं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू, हातात चकचकीत तांब्या, वर फडकं बांधलेलं. जूनमध्ये पांझरा कोरडी असते. वाळूत झिरा खणायचा, पाणी पाझरायची वाट पाहायची आणि वाटीवाटीने तांब्या भरायचा. एवढं करून आलेल्या बहिणीला नाना म्हणाले, पाणी गाळलं ना. ती म्हणाली, हो. ती म्हणाली, तब्येत. ते म्हणाले, बरी. गाडी हलली. तिने खिडकीतून कळण्याच्या भाकरीचं फडकं आत टाकलं. ते फडकं नंदुरबारपर्यंत नानांनी मांडीवर ठेवलं आणि एकट्याने खाल्लं, मला ठेच्याचा वासही दिला नाही. मला तेव्हा राग आला होता. पुढे मला आई नाही राहिली, तेव्हा त्या भाकरीचा अर्थ कळला.

फुवा गेले तेव्हा नाना दहाव्याला गेले, नदीवर बसले आणि नदीवरूनच परतले. घराची पायरी चढले नाहीत. मी विचारलं, आता कोणाचा अडसर आहे, फुईला आणा की. म्हणाले, ज्याच्यापुढे चूक कबूल करायची तो माणूसच गेला, आता कोणत्या तोंडाने जाऊ. मी म्हटलं, याच तोंडाने, दुसरं कुठून आणणार. ते उठून गॅलरीत गेले. फुईचं फलाटावर येणं मात्र चुकलं नाही. तिचं कुंकू गेलं, कंबर वाकली, तांब्या तसाच चकचकीत राहिला.

यंदा नाना मोरीत घसरले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसली, डॉक्टरांनी पॅसेंजर तर सोडाच, रिक्षाही बंद केली. आणि नेमकं त्याच महिन्यात आमचे तरुण अध्यक्ष गजेंद्र रिंगरोडच्या दुकानातून येऊन आनंदाने सांगायला लागले की काका, चिंताच नको, आता साती पवित्र नद्यांचं पाणी तांब्याच्या सीलबंद गडूत घरपोच मिळतं, मी मागवलंय. पोरगा वाईट नाही. त्याला वाटलं आपण म्हाताऱ्याचा त्रास वाचवला. नानांनी बरं म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग मी भांडले. मंडळाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. म्हटलं, गंगा कुरियरने येईल रे, गिरणा कोण आणून देईल? इथे कोणाचा बाप गंगेकाठून आलाय? गजेंद्रचं आजोळ शिंदखेड्याचं, बुराईवरचं, ते मी मुद्दाम काढलं. तो म्हणाला, नूतनताई, जाणार कोण? मी म्हटलं, मी. आणि बोलून बसल्यावर आठवलं की दोनशे साड्यांची लेस बाकी आहे.

घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी इतकंच विचारलं की शोभाला कळवलंस का. मी फुईच्या मुलाला, हेमराजला फोन केला, की नाना येत नाहीत, मी येतेय, फुईला सांग. तो म्हणाला, सांगतो. हेमराजचं सांगतो म्हणजे काय, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

निघताना नाना पलंगावरून म्हणाले, "शोभा दिसनी का तिले नीट देखी ले. मंग माले सांगजो." नीट पाहा आणि येऊन मला सांग. यंदा नाही तर पुढे कधी, हे त्यांच्या मनात होतं, माझ्याही होतं. मी हो म्हटलं आणि चपला घालायच्या निमित्ताने खाली वाकले.

वाघूर, गिरणा नीट मिळाल्या. धरणगावला कोणीच आलं नव्हतं, तेव्हा मी चहावाल्याला विचारून त्याच्या माठातलं पाणी घेतलं. तो शपथेवर म्हणाला की अंजनीचं आहे. अमळनेरला बोरी मिळाली, बिसलेरीच्या बाटलीत का होईना. मग बेटावद आलं. मी दारात उभी होते.

फुई फलाटाच्या मध्यावर, नानांचा डबा नेहमी थांबतो तिथे उभी होती. पांढऱ्या केसांवर पदर, तांब्यावर फडकं. हेमराज मागे मोटारसायकलची किल्ली फिरवत. तिने दारात मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं.

"भाऊ कोठे शे?"

हेमराजने सांगितलंच नव्हतं. मी घाईघाईने सांगितलं की नाना घसरले, पाय मोडला, काळजीचं नाही, पण प्रवास बंद आहे, म्हणून मी आले. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. माझ्याकडे पाहतच राहिली.

"म्हंजे तुले धाडं? भाऊनी?"

मी हो म्हटलं. खोटं काय होतं त्यात. इंजिनाने शिटी दिली. मी तांब्यासाठी हात पुढे केला. फुईने तांब्या दिला नाही. वळून हेमराजला म्हणाली, "भाऊनी मुऱ्हाळी धाडा. बकरीसले पानी पाजजो." आणि माझ्या पुढे केलेल्या हाताला धरून गाडीत चढली. बहात्तर वर्षांची बाई, तांब्यातलं थेंबभर पाणी सांडू न देता. गाडी हलली. हेमराज फलाटावरून थोडं पळाला, मग थांबून हसायला लागला, मूर्ख.

मी मात्र हसत नव्हते. मी चाळिशी ओलांडलेली, कमरेला पट्टा बांधलेली बाई, मुऱ्हाळी म्हणून मला कोणी धाडणार होतं थोडंच. पण फुईने खिडकीशी जागा धरली, तांब्या मांडीवर घेतला आणि तिचा सगळा चेहरा उजळला. आता तिला सांगायचं कसं, की बाई गं, कोणी बोलावलं नाही तुला, मी आपली पाणी न्यायला आले होते. शिंदखेड्याला सांगू म्हटलं. तिथे बुराईची बाटली घेण्यात वेळ गेला. मग दोंडाईचाला सांगू. दोंडाईचाला ती म्हणाली की लग्नाआधी भाऊ मला यात्रेला खांद्यावर न्यायचा, आता त्याचाच पाय मोडला. मग मी नंदुरबारला सांगायचं ठरवलं, आणि नंदुरबारला मी गोमाईची बाटली घेईपर्यंत तिने फलाटावरच्या नळावर तोंड धुतलं, केस सारखे केले आणि मला विचारलं की मी बरी दिसते ना.

मी संडासाशी जाऊन गजेंद्रला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता नानांकडे जा. त्यांना सांग, फुई येतेय, तिला वाटतंय तुम्ही मुऱ्हाळी धाडलाय, तिला तसंच वाटू द्या, तोंडातून एक शब्द काढू नका. गजेंद्र म्हणाला, ताई, काका खोटं बोलतील? हीच तर भीती होती. नाना आयुष्यात कधी खोटं बोललेले नाहीत. गोष्ट लपवतील, भिंतीकडे तोंड करतील, वर्षानुवर्षं गप्प बसतील, पण समोरून विचारलं तर खरं तेच सांगतील. आणि फुई समोरून विचारणार होती. एवढ्या वर्षांनी बोलावलं म्हणून धावत आलेल्या बाईला भरल्या मांडवात कळणार होतं की बोलावलंच नव्हतं. मला स्वतःच्या त्या 'हो'चा इतका राग आला की डब्याच्या दारावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

नवापूरच्या पुढे गुजरात लागला. फुई पाट्या पाहून म्हणाली, अक्षरं बदलली. मग स्वतःच म्हणाली, नदी तीच असेल ना. मी हो म्हटलं. आता माझ्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता.

उधन्याच्या स्टेशनावर गजेंद्र गाडी घेऊन आला होता. पुढे होऊन फुईच्या पाया पडला. मी डोळ्यांनी विचारलं. तो हळूच म्हणाला, सांगितलं. मग? तो म्हणाला, काका म्हणाले, फेटा बांधून द्या.

मांडव भरला होता. ढोल थांबले होते, फायबरच्या सिंहासनावर महाराजांची मूर्ती, डोक्यावर लाल मखमलीचं छत्र, बाया नऊवारीत ताटं घेऊन. गजेंद्रने मागवलेले सीलबंद गडूही ओळीने मांडले होते. गंगा-यमुनाही आल्या होत्या, पाहुण्या म्हणून. नाना सर्वांत पुढे खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर लांब केलेला, डोक्याला केशरी फेटा. मला त्यांच्याजवळ आधी पोचायचं होतं. पण गर्दीत बाया फुईला वाट देत गेल्या आणि ती माझ्या पुढे निघून गेली.

नानांनी तिला पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकले. फुई त्यांच्या खुर्चीशी खाली बसली, तांब्या शेजारी ठेवला आणि त्यांच्या दुखऱ्या पायावर हलकेच हात ठेवला. गारद सुरू झाली. पोरांचा आवाज चढत गेला, मांडवाने साथ दिली. भटजीने नद्यांची नावं घ्यायला सुरुवात केली आणि गजेंद्र ती माइकवरून पुकारायला लागला. वाघूरवाले उठले, ओतून आले. गिरणावाले उठले. मला वाटलं, निभावलं. आता अभिषेक होईल, जेवणं होतील, मग हळूहळू, निवांतपणे, कधीतरी.

तेवढ्यात फुई म्हणाली, "उशीर झाया. पन धाडा ना मुऱ्हाळी."

अंजनी झाली, बोरी झाली. नाना खाली पाहत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"शोभा," ते म्हणाले, "मी मुऱ्हाळी धाडा नही. नूतन पानी लेवाले उनी व्हती. इतला वरीसमा मन्ही हिंमतच नही झायी. फेटाना दिवशी मीच चुकनू व्हतू."

फेट्याच्या दिवशी आपणच चुकलो, हे त्यांनी कधी आईला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, फुवांना तर नाहीच. आणि आता सांगितलं ते नेमकं नको त्या वेळी, नको त्या बाईला. मला रडू आलं ते रागाने. मी फुईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडेल, ती उठेल, पदर खोचून परत निघेल, हेमराजला फोन लावा म्हणेल, असं सगळं माझ्या डोळ्यांपुढे येऊन गेलं.

ती हलली नाही. नानांच्या फेट्याचं सुटलेलं टोक तिने नीट खोचलं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "रिकामा हातनी मुऱ्हाळी कोन धाडस? लुगडं नही, सांजोरी नही. हिना हात देखा तव्हयच समजी गयं."

"मंग तू उनी कशी?" नानांनी विचारलं.

"गाडी सुटी जाती ना, भाऊ."

आजूबाजूला कोणाला काही कळलं नाही. गजेंद्र माइकवरून पांझरेचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होता, भटजी मान उंचावून आमच्याकडे पाहत होता. नानांनी दोन्ही हातांनी फुईचा हात धरला होता, आणि तो सोडल्याशिवाय तिला तांब्या उचलता येणार नव्हता.